पोर्ट लुईत दुपारी जेवायचे कुठे?



गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या घराघरांत करेम सुरू होतो. मांस, मासळी, अंडी स्वयंपाकघरातून बाहेर जातात, वेगळी भांडी कपाटातून खाली येतात. घरात हे सारे सोपे असते, कारण सर्वांचा नियम एकच असतो. खरी परीक्षा होते ती पोर्ट लुईत, दुपारी बारानंतर. नोकरी, बँक, सरकारी कचेरी, इस्पितळ, काही ना काही कामासाठी आपण राजधानीत येतोच. पोटाला भूक लागतेच. मग प्रश्न पडतो की आता खायचे कुठे?

माझा एक अनुभव सांगतो. करेमच्या दिवसांत माझी आत्या कास्काव्हेलहून कागदपत्रांच्या कामासाठी पोर्ट लुईला आली होती. सकाळी चहा घेऊन निघालेली. कचेरीतील रांग संपता संपता दुपारचे तीन वाजले. मी तिला बाजाराकडे नेले. दालपुरीवाला आपले रिकामे डबे धूत होता. दुसऱ्याकडेही पुरी संपलेली. शेवटी एका उपाहारगृहात शिरलो. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. मी पोऱ्याला क्रिओलमध्ये विचारले, ‘‘एना लाव्यान लादान?’’ म्हणजे यात मांस आहे का? तो म्हणाला, ‘‘नाही.’’ मिन फ्रिरच्या दोन बशा आल्या. दुसऱ्याच घासाला आत्याच्या बशीत कोलंबी निघाली.

मी रागावून पोऱ्याला बोलावले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मांस नाहीच, साहेब. ही कोलंबी आहे.’’

आत्याने काटा खाली ठेवला. ‘‘राहू दे रे बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘त्या पोराला बोलू नकोस. मी घरी जाऊन खाईन.’’ ती पाणी प्यायली आणि आम्ही उठलो. घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता.

नंतर विचार केला तेव्हा पटले की तो मुलगा खोटे बोलला नव्हता. क्रिओलमध्ये ‘लाव्यान’ म्हणजे मांसच. मासळीला, कोलंबीला, अंड्याला वेगवेगळे शब्द आहेत. चूक माझ्या प्रश्नात होती. ज्या बेटावर मी जन्मलो, ज्या भाषेत रोज बोलतो, त्या भाषेत मला साधे जेवण नीट मागता आले नाही!

मुंबईला जाऊन आलेले आपले काही बांधव म्हणतात, ‘‘तिथे पावलोपावली शुद्ध शाकाहारीची पाटी दिसते. आपल्या पोर्ट लुईत काय मिळते?’’ हे म्हणणे मला मान्य नाही. पोर्ट लुईत शाकाहारी माणसाला खायला पुष्कळ आहे. दालपुरीच पाहा. डाळ शिजवायची, वाटायची, कणकेच्या गोळ्यात भरायची आणि पातळ लाटून तव्यावर टाकायची. आपल्या आजीची पुरणपोळी करण्याची रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती, फक्त इथे गुळाच्या जागी हळद आणि जिरे आले. ती भोजपुरी घरांतून आली आणि साऱ्या बेटाची झाली. सोबत ग्रो प्वाची कारी, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची सातिनी. कागदात गुंडाळलेली एक जोडी घेऊन उभ्या उभ्या खावी, भूक भागते. गातो पिमाँ तर आपल्या डाळवड्याचा सख्खा भाऊ. लोणी लावलेल्या पावात चार घातले की न्याहारी झाली. वांग्याची भजी आहेत, फराता आहे, उन्हात थंडगार आलुदा आहे. जवळच चिनी वस्तीत तोफू मिळतो, आणि चिनी बौद्धांतही शाकाहाराचे दिवस पाळणारे लोक आहेत.

म्हणजे पदार्थांची वाण नाही. अडचण येते ती तीन ठिकाणी. पहिली अडचण वेळेची. रस्त्यावरचा चांगला माल सकाळी आणि दुपारच्या सुरुवातीला मिळतो. उशीर झाला की उरते ते उपाहारगृह. दुसरी अडचण तेलाची आणि डावाची. ज्या कढईत माशाचा सामुसा तळला, त्याच तेलात बटाट्याचा तळतात. ज्या डावाने कोंबडी वाढली, तोच डाव ग्रो प्वाच्या भांड्यात जातो. तिसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी. भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचा अर्क, तळलेल्या मिनमध्ये कालवांचा सॉस, आणि आलुदात कुठे कुठे अगर-अगरऐवजी जिलेटिन. बशीत मांसाचा तुकडा नसला म्हणजे ती शाकाहारी झाली, असा समज पक्का बसला आहे.

कोणी म्हणेल, ‘‘एवढी चौकशी कशाला? घरून डबा न्यावा.’’ आपले पूर्वज उसाच्या शेतात शिदोरी घेऊनच जात होते, हे खरे. पण आज तो डबा करण्यासाठी पहाटे चारला उठते कोण? बहुतेक घरांत ती सूनच असते, आणि तिलाही सात वाजता बस किंवा मेट्रो गाठायची असते. शिवाय कचेरीतील तरुण मुलगा दुपारी सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडतो. पहिले दोन दिवस तो काहीतरी कारण सांगून मागे राहतो. तिसऱ्या दिवशी कोणी हसते, ‘‘रस्सा तरी घे, तुकडे बाजूला काढ!’’ चौथ्या दिवशी तो करेम सोडून देतो. घरात आपण म्हणतो की मुलांची श्रद्धा उरली नाही. माझे म्हणणे असे की पुष्कळदा श्रद्धा नव्हे, तर दुपारचे जेवण उरलेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘‘हे मिश्र समाजाचे बेट आहे. वेगळी कढई, वेगळा डाव असे म्हणत आपण जुनी सोवळीओवळी परत आणणार का?’’ हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मी आदर करतो. माणसामाणसांत विटाळ मानण्याची रीत परत येता कामा नये. पदार्थ कोणी रांधला, हे विचारण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. पण पदार्थात काय आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक खाणाऱ्याला आहे. मुसलमान बांधवांनी हलालचा आग्रह धरला. आज राजधानीत कितीतरी दुकानांवर तशी पाटी दिसते, आणि त्यामुळे कोणाचे मन दुखावत नाही. भारतात तर पाकीटबंद शाकाहारी पदार्थावर हिरवे चिन्ह छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपण मात्र लाजून गप्प बसतो आणि उपाशी घरी जातो. न मागणाऱ्याला कोण देणार?

तेव्हा करायचे काय? प्रथम आपण नीट विचारायला शिकावे. मांस, मासळी, कोलंबी, अंडे यांची नावे घेऊन विचारावे. मग सूप कशाचे, सॉस कोणता आणि तेल कोणते, हे विचारावे. हसतमुखाने विचारले तर विक्रेते रागावत नाहीत, हा माझा अनुभव आहे. आणि जो खरे सांगेल, ‘‘मावशी, हे तुमच्यासाठी नाही,’’ त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी मुद्दाम जावे.

दुसरे, विक्रेत्यांना विनंती. शाकाहारासाठी एक निराळी कढई, एक निराळा डाव आणि एक छोटी पाटी, एवढेच पुरे. करेमच्या दिवसांत या शहरात गिऱ्हाइकांची उणीव भासणार नाही.

तिसरे, आपल्या मराठी मंडळांना विनंती. गणेशोत्सवात आपण शेकडो माणसांना प्रसाद वाढतो. केळीच्या पानावर कारी वाढण्यात आपल्या बायाबापड्यांचा हात कोण धरील? मग चतुर्थीआधीच्या कामाच्या दिवसांत चार मंडळांनी मिळून पोर्ट लुईत दुपारच्या डब्यांची सोय का करू नये? भात, डाळ, एक भाजी, सातिनी. योग्य दाम घ्यावा. दुपारी तीनपर्यंत काही डबे राखून ठेवावेत.

बाजारापासून थोड्याच अंतरावर आप्रवासी घाट आहे. मुंबई बंदरातून आलेले आपले पूर्वज बेटावर उतरल्यावर त्यांना मोजून शिधा मिळत असे. त्यात निवड नव्हती. तरीही त्यांनी आपले वार आणि सण सांभाळले. आपल्या खिशात पैसे आहेत, तोंडात या बेटाची भाषा आहे. मग कास्काव्हेलहून आलेल्या म्हाताऱ्या बाईने राजधानीतून उपाशी का परतावे?