बंधारा बांधल्यावर नदीचे काय होते?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. खाली काळा पाषाण असल्यामुळे जमिनीत पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत. अशा मुलुखात वाहते पाणी अडविल्यावाचून रब्बीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून शिवना, पूर्णा, गिरिजा, दुधना यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत लहान बंधारे झाले, हे इष्टच झाले. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात साखळी सिमेंट बंधाऱ्यांचीही त्यांत भर पडली. परंतु बंधारा किती पाणी अडवितो याचा हिशेब जितक्या उत्साहाने ठेवला जातो, तितक्या काळजीने तो नदीच्या पात्राचे काय करतो हे पाहिले जात नाही. हे पाहणे गावाच्याच हिताचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नदी केवळ पाणी वाहून नेत नाही. माती, वाळू व गोटेही नेते. हे ओझे उचलण्याची तिची शक्ती वेगावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला, तर पूर्वीच्या सुमारे ६४ पट वजनाचा गोटा हलू शकतो, असा जलशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. वेग निम्मा झाला, तर ती शक्ती त्याच प्रमाणात घटते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस पाणी संथ होते. तेथे प्रथम गोटे, मग वाळू व शेवटी चिकण गाळ बसतो. पूर्वी जेथे डोह आणि उथळ खळाळ आळीपाळीने येत असत, तेथे एकसारखे सपाट, गाळाने भरलेले पात्र तयार होते.

खालच्या बाजूस नेमके याच्या उलट घडते. भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याने आपले ओझे वरच टाकलेले असते, म्हणून ते नवे ओझे शोधते. ते पायथ्याशी खड्डा पाडते, तळ खरवडते, काठाची माती पोखरते. तळ खाली गेला म्हणजे दोन्ही काठ उंच व उभे होतात आणि पुरात ढासळतात. भिंतीच्या दोन्ही टोकांचा काठाशी असलेला सांधा कच्चा असेल, तर पूर बंधारा सोडून शेजारच्या शेतातून वाट काढतो. बंधारा जागेवर उभा, आणि नदी मात्र दुसरीकडून चालली, असा प्रकार मग पाहावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत मराठवाड्यात पिकांबरोबर ठिकठिकाणी जमीनही खरडून गेली. त्याचा दोष सरसकट बंधाऱ्यांना देणे अन्यायाचे होईल. तथापि काठच्या शेतकऱ्याचे किती नुकसान होऊ शकते, हे त्या पुराने दाखवून दिले.

भिंत लहान आहे म्हणून परिणामही लहान, हा समज बरोबर नाही. युरोपातील ३६ देशांत नद्यांवर किमान १२ लक्ष अडथळे असल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अडथळे दोन मीटरपेक्षाही कमी उंचीचे आहेत. एकेक भिंत क्षुल्लक वाटते. पण एका ओढ्यावर ओळीने पाच-सहा झाल्या म्हणजे वाहत्या ओढ्याच्या जागी डबक्यांच्या पायऱ्या उरतात.

आमच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने यात आणखी एक हानी आहे. आपल्याकडील काळ्या मातीचा बारीक गाळ तळाशी बसला की चिकट थर होतो व पाणी मुरण्यास अटकाव करतो. बंधारा भरलेला दिसतो, पण विहिरीला पाझर पोचत नाही. साठलेले पाणी उन्हाने उडून जाते. ज्या हेतूने बंधारा बांधला, तो हेतूच मग फसतो.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात यावर उपाय मुळातच योजलेला आहे. दोन खांबांमधील बरगे, ज्यांना आपल्याकडे दारे किंवा गेट म्हणतात, पावसाळ्यापूर्वी काढावयाचे, म्हणजे पुराबरोबर गाळ पुढे निघून जातो. आणि पावसाळा सरताना ते बसवावयाचे, म्हणजे शेवटचे निवळ पाणी अडते. दारे बारमाही अडकवून ठेवली, तर हा बंधारा साध्या भिंतीसारखाच गाळ धरतो. दारे काढली आणि पुढे पाऊसच आला नाही तर काय, ही शेतकऱ्यांची शंका रास्त आहे. म्हणूनच ती परत केव्हा बसवावयाची याचा निर्णय पाऊसमान व नदीची धार पाहून, पाटबंधारे खात्याच्या सल्ल्याने, गावाने वेळेवर घेतला पाहिजे. त्याकरिता दारे मोजून, रंगवून, कुलपात ठेवलेली हवीत. गंजलेली वा चोरीस गेलेली दारे ऑक्टोबरात शोधून उपयोग नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. दर मे महिन्यात बंधाऱ्याच्या वर व खाली ठराविक ठिकाणी तळाची पातळी खांबावरील खुणेपासून दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून गाळ किती चढला व तळ किती खचला हे कोणालाही कळेल. गाळ काढताना मूळ तळाच्या खाली खोदू नये. काढलेला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीत घालावा. आधीच भारी व पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत घालू नये. पायथ्याशी खड्डा पडू लागताच दगडांची भर घालण्याविषयी अभियंत्यास कळवावे. काठावरील गवत व झुडपे तोडू नयेत, आणि बंधाऱ्याजवळील वाळू उचलू देऊ नये.

नव्या बंधाऱ्याची मागणी करण्यापूर्वी गावाने जुन्याची वही उघडून पाहावी. जुना बंधारा गाळाने भरलेला असताना त्याच्या वर दुसरा बांधणे, म्हणजे गाळासाठी आणखी एक जागा करून देणे होय. माथ्यावरील शेतांत समपातळी बांधबंदिस्ती व गवताच्या पट्ट्या झाल्या, तर माती मुळातच ओढ्यात कमी उतरेल. म्हणून पैसा व श्रम आधी तेथे खर्च व्हावेत, आणि मगच नव्या भिंतीचा विचार व्हावा.