गळती वरची, भुर्दंड खालच्याला

सदनिकाधारकांच्या संघाचे मागणीपत्र

प्रति : राज्याचे सहकार खाते, भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, गृहविमा देणाऱ्या कंपन्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्या



आमच्या एका सभासदाच्या बेडरूमच्या छताला भर उन्हाळ्यात ओल आली. वरच्या घरात नुकताच बाथटब बसवलेला होता. वरच्यांनी प्लंबर आणला, त्याने रिकामा टब तपासला आणि गळती नसल्याचे सांगितले. समिती म्हणाली, हा तुम्हा दोघांतला प्रश्न आहे. विमा कंपनीने कळवले की पाणी हळूहळू झिरपलेले असल्याने दावा बसत नाही. प्लास्टर पडले, कपाटाचे प्लाय फुगले, आणि ज्याचा काडीचाही दोष नव्हता त्याने सगळा खर्च सोसला.

टबाची गळती रिकाम्या टबात दिसतच नाही. टब भरला आणि त्यात माणूस बसला की २०० किलोंच्या वर वजन होते. ॲक्रिलिकचा टब किंचित खाली दबतो, भिंतीलगतचे सिलिकॉन सुटते आणि फटीतून पाणी उतरते. टब कोरडा झाला की फट पुन्हा मिटते. म्हणून पाहणी तीन टप्प्यांत व्हावी. आधी टब भरून ठेवून पातळी उतरते का पाहावे. मग एकदम रिकामा करून खालचा ट्रॅप आणि सांधे पाहावेत. शेवटी टब पुन्हा भरून, त्यात माणूस बसवून भिंतीच्या कडेवर पाणी सोडावे. टबाखाली हात घालायला झडप नसेल, तर हे काम फरशी फोडल्याशिवाय होत नाही. त्यामुळे झडप ठेवल्याखेरीज कोणत्याही संस्थेने टब बसवायला परवानगी देऊ नये, ही आमची पहिली मागणी.

आता विम्याचे. १ एप्रिल २०२१ पासून सामान्य विमा कंपन्यांना घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणे व पाईप फुटणे किंवा ओसंडणे हा धोकाही तिच्या यादीत आहे. वर्षभर झिरपणारी ओल, झिजलेले ग्राउट, तडकलेला कोबा या यादीत नाहीत. ग्राउटचे पैसे विम्याने द्यावेत असे आम्ही म्हणतही नाही. ती घरमालकाची देखभाल आहे. पण भिंतीआडचा सांधा एका रात्रीत सुटला आणि डाग तीन आठवड्यांनी उमटला, तर ती गळती हळूहळूची कशी? आज हा निर्णय डागाकडे पाहून दिला जातो. आमची मागणी अशी की, चाचणी करून कारण नोंदवल्याशिवाय कंपनीने ‘हळूहळू’ हा शब्द नकारपत्रात लिहू नये. नकारपत्र मराठीतही मिळावे, सोबत सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत असावी, आणि मुंबई व पुण्यात विमा लोकपालाची कार्यालये आहेत हेही त्यात स्पष्ट छापावे.

समित्यांना हात झटकता येणार नाहीत. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक बाह्य पाईपची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतल्या दुरुस्त्या सभासदाच्या. मग गळती नेमकी कुठली, हे आधी कोणी तरी शोधायला हवे ना? तक्रार आल्यापासून ७ दिवसांत दोन्ही घरांसमक्ष पाहणी व्हावी, दुरुस्ती लगेच व्हावी आणि खर्चाचा वाद मागाहून सुटावा. सहकारी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत छत थांबत नाही. सहकार खात्याने ही मुदत उपविधींतच घालावी.

इमारत नवी असेल तर फोडाफोडीआधी विकसकाला लेखी कळवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार त्याने ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो.

संस्थेने इमारतीचा आग व भूकंपाचा विमा उतरवणे उपविधींनी आवश्यक केलेच आहे. त्यात पाण्याचे नुकसान आणि शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी यांचीही भर पडावी.

तोवर आमच्या सभासदांना विनंती : ओल दिसेल त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, समितीला आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या, आणि वरच्यांना टब भरून दाखवायला सांगा.