पात्यावरचे नाव कोणाचे?

अमेरिकेत जुने चाकू जमवणाऱ्या माणसापुढे 'श्रेड' कंपनीचा घडीचा चाकू ठेवला, तर तो आधी एकच गोष्ट बघतो: चाकू २००४च्या आधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर निरखून पाहतो, नंतरचा असेल तर बहुधा परत ठेवतो. नाव तेच, मुठीचा तपकिरी रंग तोच, आकारही जवळजवळ तोच. बाहेरच्याला हा हौशी लोकांचा नखरा वाटेल. मला वाटत नाही. चाकूवरच्या नावाचा अर्थ या संग्राहकांना व्यापाऱ्यांपेक्षा आणि कायद्यापेक्षाही नीट कळला आहे, असे माझे मत आहे.

श्रेडचा कारखाना १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावात सुरू झाला आणि पुढे 'इंपीरियल श्रेड' या नावाने एलेनव्हिलला नांदला. त्याचे 'ओल्ड टाइमर' आणि 'अंकल हेन्री' हे चाकू शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या खिशात वर्षानुवर्षे होते. ओल्ड टाइमरचे पाते बराच काळ साध्या कार्बन पोलादाचे असे. लिंबू किंवा सफरचंद कापले की ते काळे पडे, आपल्याकडे कैरी चिरल्यावर लोखंडी विळी पडते तसे. पण दगडावर चार हात फिरवले की धार येई. जुलै २००४ मध्ये कारखाना एकाएकी बंद पडला आणि त्याची मालमत्ता विकली गेली. नावे टेनेसीतल्या 'टेलर' कंपनीने घेतली आणि त्याच नावांचे चाकू चीनमध्ये बनू लागले. न्यूयॉर्क राज्यातल्याच कॅमिलस गावच्या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांसाठी चाकू बनवले होते. तो २००७ मध्ये बुडाला. 'कॅमिलस' हे नाव विकत घेतले ते प्रामुख्याने कात्र्या विकणाऱ्या 'ॲक्मे युनायटेड'ने, आणि माल बाहेरून येऊ लागला. दोन्हीकडे कामगार घरी गेले, भट्ट्या विझल्या, आणि नाव तेवढे मागे उरले.

नावाला इतके वजन का, याचे उत्तर पोलादाच्या पाण्यात आहे. पाते लाल होईपर्यंत तापवायचे, एकदम थंड करायचे आणि पुन्हा बेताची आच देऊन त्याचा ठिसूळपणा काढायचा, याला आपले लोहार 'पाणी देणे' म्हणतात. एकाच पोलादाच्या दोन पात्यांना वेगवेगळे पाणी बसले, तर एकाची धार मुडपते आणि दुसऱ्याचा कपचा उडतो. दुकानात दोन्ही सारखीच चकाकतात. फरक कळतो तो वापरात, काही महिन्यांनी, पैसे देऊन झाल्यावर. कापड बोटांत धरून पाहता येते, आंबा हुंगता येतो. पात्याचे पाणी असे पारखता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला पात्याच्या मुठीकडच्या बाजूला मारलेल्या ठशावर विसंबावे लागते. अमुक भट्टीवर, अमुक हातांनी हे पाणी दिले आणि त्याची जबाबदारी आमची, असे तो ठसा सांगत असतो. भट्टी आणि हात वगळून ठसा विकला, तर तो सांगणार काय? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या रिकाम्या ठशाला मोल मात्र भरपूर असते. २०१६ मध्ये 'स्मिथ अँड वेसन'ने टेलर कंपनी साडेआठ कोटी डॉलरला घेतली. तिच्या पेटाऱ्यातली सर्वांत ओळखीची नावे होती ती श्रेड, ओल्ड टाइमर आणि अंकल हेन्री. गिऱ्हाइकाच्या मनातल्या जुन्या विश्वासाची ही किंमत होती, आणि तो विश्वास ज्यांनी कमावला त्यांचा कारखाना बारा वर्षांपूर्वीच बंद पडला होता.

नंतरचे चाकू नाकारणे हा निव्वळ चीनद्वेष आहे, असा आक्षेप घेतला जातो. तसे काही बोलणारे आहेतही, आणि ते चूकच आहेत. पण संग्राहकांचे एकूण वागणे पाहिले तर हा आरोप टिकत नाही. चीनमधल्या 'वी नाइफ' आणि 'रिएट' या कंपन्यांचे महागडे चाकू हेच लोक आवडीने घेतात. कोलोरॅडोतल्या 'स्पायडर्को'चे चाकू अमेरिकेत बनतात, तसे जपानच्या सेकीत, तैवानात आणि चीनमध्येही बनतात. ही कंपनी कुठला चाकू कुठे बनतो ते लपवत नाही, आणि तिच्यावरचा विश्वास ढळलेला नाही. मालकी बदलली म्हणून लोक रुसतात, हेही खरे नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची 'केस' कंपनी १९९३ मध्ये 'झिप्पो'ने घेतली. कारखाना गावातच राहिला, आणि केसचे संग्राहक आजही ठशाखालचे ठिपके मोजून चाकूचे साल काढतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुने कारखाने तरी कुठे इतके सोवळे होते? 'बक' कंपनीचे तीनशे क्रमांकाच्या मालिकेतले छोटे खिशातले चाकू कित्येक वर्षे श्रेड आणि कॅमिलस बनवून देत. ठसा मात्र बकचा. हे मान्यच केले पाहिजे, आणि जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते विसरू नये. तरी फरक उरतो. बक तेव्हा स्वतः चाकू बनवणारी, चाकू बिघडला तर दारात उभे राहता येईल अशी कंपनी होती. आणि दुसऱ्याकडून करून घेतलेला माल ही अडचण वाटत असेल, तर उपाय एकच: कोणी बनवला ते पात्यावर लिहा.

देशाचे नाव तर लिहिलेलेच असते, मग फसवणूक कसली, असेही विचारतात. अमेरिकेत आयात मालावर देशाचे नाव घालणे १८९०च्या जकात कायद्यापासून बंधनकारक आहे. पण देश म्हणजे कारखाना नव्हे. जर्मनीने हे ओळखले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या झोलिंगेन गावचे काही कारागीर आपल्या पात्यांवर इंग्लंडच्या शेफील्डचे नाव ठोकत. असल्या तक्रारींतूनच ब्रिटनचा १८८७चा व्यापारचिन्ह कायदा आला आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द मालावर चढले. त्याच झोलिंगेनच्या नावाला १९३८ पासून खास कायद्याचे संरक्षण आहे. पाते घडवण्याचे सगळे महत्त्वाचे टप्पे त्याच परिसरात पार पडले असतील तरच ते नाव कोरता येते. गावाच्या नावाला हे संरक्षण मिळू शकते, तर कारखान्याच्या नावाला का नाही? बंद कारखान्याचे नाव घेणाऱ्याने त्याच्याशेजारी, तेवढ्याच अक्षरांत, आज बनवणाऱ्याचे नाव आणि साल कोरावे, एवढा नियम पुरेसा आहे. स्वस्त चाकू विकायला कोणाचीच हरकत नाही. शेतावर जाणाऱ्याला तो हवाच असतो, आणि नव्या नावाखालीही तो तितकाच कापेल.

मेलेले नाव पुन्हा उठवूच नये, असेही संग्राहकांचे म्हणणे नाही. पेन्सिल्व्हेनियातल्याच टायटसव्हिलमध्ये २००६ साली उभी राहिलेली 'ग्रेट ईस्टर्न कटलरी' आपल्या चाकूंवर 'नॉर्थफील्ड' आणि 'टिडिऊट' ही फार पूर्वी बंद पडलेल्या कारखान्यांची नावे घालते. पण चाकू ती स्वतःच्या कारखान्यात, जुन्या रीतीने बनवते, आणि मॉडेलच्या क्रमांकातच सालाचे आकडे घालते. तिचा नवा चाकू बाजारात आला की तो मिळवण्यासाठी हेच चोखंदळ लोक धडपडतात.