पैशाकडे पाहण्याची आपली दृष्टी

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटावयास आला. आठ वर्षे तो आपल्या वसतिगृहात राहिलेला. हातात श्रीमंत कसे व्हावे हे सांगणारे एक भाषांतरित पुस्तक होते आणि मुखात त्यातील एक वाक्य : “सर, आपण गरीब राहिलो ते आपल्या विचारांमुळे. विचार बदलला की पैसा आपोआप येतो.” चहा झाल्यावर त्याने येण्याचे खरे कारण सांगितले. मोबाईलवरून शेअरची उलाढाल करण्यासाठी त्यास दोन लाख रुपयांचे कर्ज हवे होते आणि जामीनदार म्हणून आमची सही हवी होती.

त्याच्या त्या वाक्यात अर्धे सत्य आहे. पूर्ण असत्य खोडून काढणे सोपे असते. अर्धसत्याशी मात्र सावकाश बोलावे लागते. त्या दिवशी जे नीट बोलता आले नाही, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आमचे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर मांडावे असे वाटते.

आरंभ आपल्याच तालुक्यापासून करू. मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते आणि खडकपूर्णेच्या जलाशयास ‘संत चोखासागर’ हे नाव आहे. चोखोबांचा मृत्यू १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम करीत असता, भिंत अंगावर कोसळून झाला. ज्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार नाही, ते कूस उभारावयाचे आणि त्याखालीच गाडले जावयाचे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या घटनेत आपल्या अर्थकारणाचे सार दिसते. श्रम आपले होते, संचय मात्र इतरांचा.

हे केवळ नशिबाने घडले नाही. त्यास शास्त्राचा आधार दिला गेला होता. शूद्र समर्थ असला तरी त्याने धनसंचय करू नये, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय स्पष्ट सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात पाणवठ्याची बंदी होती तशी तिजोरीचीही बंदी होती, हे आपण बहुधा विसरतो. गावगाड्यात आपल्या वाट्यास आले ते बलुते आणि भाकरी. कामाचा मोबदला नाण्यात मिळत नसे. तो सुगीत धान्याच्या रूपाने आणि रोज शिळ्या अन्नाच्या रूपाने मिळे. शिळी भाकर बँकेत ठेवता येत नाही आणि तिच्यावर व्याजही मिळत नाही. मुंबई इलाख्यातील महार वतनाची ही गुलामी संपावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक आणले. ती कनिष्ठ वतने प्रत्यक्ष रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. आपल्या वऱ्हाडात कायदे निराळे होते, जिणे मात्र फारसे निराळे नव्हते.

ज्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या रोख पैसा टिकू दिला गेला नाही, त्याच्या मनात पैशाविषयी काही समजुती घर करून बसल्या तर नवल नाही. अशा चार समजुती आम्हांस ठळकपणे दिसतात.

पहिली समजूत अशी की, पैसा मुळातच वाईट. ज्याच्याकडे तो आला तो बिघडला, समाजापासून तुटला. दुसरी अशी की, धन म्हणजे नोकरी; पगार सुरू झाला की अर्थकारण संपले. तिसरी अशी की, प्रतिष्ठा खर्चातून सिद्ध होते. ज्यांना शतकानुशतके मान नाकारला गेला, त्यांना मांडव, बँड आणि पंगत यांतून तो परत मिळवावासा वाटतो. ही भावना आम्ही समजू शकतो. चौथी समजूत अशी की, पैशाविषयी उघड बोलणे कमीपणाचे. घरात मुलाला राजकारण ठाऊक असते, क्रिकेटचा निकाल ठाऊक असतो. वडिलांच्या डोक्यावर कर्ज किती, हे ठाऊक नसते.

या चारही समजुतींचे आम्ही स्वतः वाहक राहिलो आहोत. नोकरी लागली तेव्हा बचत कशाशी खातात हे आम्हांस माहीत नव्हते. बहिणीचा विवाह आणि घराचा स्लॅब यांसाठी पगारदार पतसंस्थेचे कर्ज घेतले आणि ते फिटेपर्यंत अकरा वर्षे गेली. त्यातच दोन मित्रांना जामीन राहिलो. सहीला नकार देणे म्हणजे समाजाशी द्रोह, असे तेव्हा वाटे. त्यांतील एकाचे हप्ते थकले आणि कपात आमच्या पगारातून झाली. हे सांगताना संकोच वाटतो. पण संकोच हाच तर चौथ्या समजुतीचा पुरावा आहे.

आता प्रश्न असा की, या समजुती धम्मातून आल्या काय? मुळीच नाही. तथागतांनी भिक्खूंसाठी अपरिग्रह सांगितला. गृहस्थांसाठी दारिद्र्य सांगितले नाही. सिगाल नावाच्या तरुणास केलेल्या उपदेशात त्यांनी मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात गुंतविण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवण्यासाठी. निम्मी मिळकत व्यवसायात घालावी, हा सल्ला अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. कोलिय दीघजाणूस त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या मानाने बेताचे जीवन. त्याच उपदेशात जलाशयाचा दृष्टांत आहे. येणारी वाट बंद केली आणि जाणाऱ्या वाटा उघड्या ठेवल्या, वर पाऊसही पडला नाही, तर तळे आटणारच. व्यभिचार, मद्य, जुगार आणि कुसंगती या त्या जाणाऱ्या वाटा. चोखासागराच्या भिंतीवर उभ्या राहणाऱ्या कोणासही हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही. अनाथपिंडिकास तर तथागतांनी ऋणमुक्त असण्याचे सुख हे गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक म्हणून सांगितले.

बाबासाहेबांनीही १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात, धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, ही धर्माची एक कसोटी म्हणूनच मांडली. त्यांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु ते प्रथम अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपल्या घराघरांत पोहोचलेले नाही. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावरच होता. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून काटकसरीने रक्कम साठविली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा विलायतेस गेले. बचतही केली, कर्जही घेतले. पण ते कर्ज ज्ञानासाठी होते, मांडवासाठी नव्हते.

येथे त्या माजी विद्यार्थ्याच्या पुस्तकास उत्तर देणारा एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्स आणि गुंतवणूक यांविषयी सल्ला देणारी एक पेढी सुरू केली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला असा सल्लागार त्या काळी मुंबईत किती जणांस मिळाला असता? तरीही सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. ज्ञान होते, उद्योगशीलता होती, विचार तर काळाच्या कितीतरी पुढे होते. दार मात्र बाहेरून बंद होते.

म्हणूनच ‘तुम्ही गरीब आहात ते तुमच्या विचारांमुळे’ हे वाक्य आम्हांस कर्मविपाकाच्या सिद्धान्ताची नवी आवृत्ती वाटते. पूर्वी मागील जन्माचे पाप सांगत, आता या जन्मीचा विचार सांगतात. दोष मात्र दोन्ही वेळा पीडिताच्याच माथी. धनासाठी जमीन लागते, भांडवल लागते, पत लागते, ओळखी लागतात. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये सत्याग्रह करावे लागले. आज त्यांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. ‘स्टँड अप इंडिया’ ही दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना २०१६ मध्ये आली. ही दारे सहज उघडत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरी ती ठोठावणे हा आपला हक्क आहे आणि तो हक्क विचार बदलण्याच्या नावाखाली कोणी सोडावयास सांगू नये.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दार उघडल्यावर आत जाण्याचे भय जर मनातच बसले असेल, तर ते भय कोणतेही महामंडळ दूर करू शकत नाही. आपल्या तालुक्यात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन वाढले आहे आणि बियाण्यांची मोठी बाजारपेठ असलेले जालना जवळच आहे. आपल्या कितीतरी माता त्या शेडनेटमध्ये परागीकरणाचे नाजूक काम रोजंदारीवर करतात. ते कौशल्य त्यांच्या बोटांत आहे. तथापि, आपण चौघी मिळून दहा गुंठ्यांवर स्वतःचे शेडनेट उभारावे, हा विचार मनात येताच ‘ते आपले काम नव्हे’ असे उत्तरही मनातूनच येते. हे उत्तर त्यांचे नाही. ते दहाव्या अध्यायाचे आहे. ग्रंथ जळाला, पण त्याची राख मनाच्या कोपऱ्यात उरली आहे.

नोकरीवरील आपला विश्वासही आता तपासून पाहावयास हवा. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत रुजू झालेल्यांची भरती जुन्या निवृत्तिवेतनाच्या हमीवर झालेली नाही. आमच्या पिढीने पगार खर्च केला तरी म्हातारपणाची काठी शासनाने धरली होती. आजच्या कंत्राटी शिक्षकास किंवा आरोग्यसेवकास ती काठी स्वतःच घडवावी लागेल.

यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही. दरमहा एक हजार रुपये वार्षिक सात टक्के दराने तीस वर्षे नियमित साठविले, तर भरलेल्या तीन लाख साठ हजारांचे सुमारे बारा लाख वीस हजार होतात. याउलट विवाहासाठी तीन रुपये शेकड्याने एक लाख घेतले, तर वर्षाचे केवळ व्याजच छत्तीस हजार होते. आणि व्याजावर व्याज चढत गेले तर दोन वर्षांत मुद्दल दुप्पट होते. वेळ तोच, गणितही तेच. एका घरी ते आपल्यासाठी राबते, दुसऱ्या घरी आपल्याविरुद्ध. सावकार हे गणित पाठ करून बसलेला असतो. आपण ते दहावीच्या परीक्षेनंतर विसरतो.

तेव्हा काय करावे? आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली पालकांस : मंगल परिणय साधेपणाने करा आणि वाचलेली रक्कम नवदांपत्याच्या नावे ठेवा. आपल्या घरातील बचतगटाच्या सदस्य असलेल्या मातेस घरची अर्थमंत्री माना. दर महिन्याचा हिशेब मुलांसमोर लिहा. दुसरी विनंती शाळेस, म्हणजे आम्हां शिक्षकांस : आठवीपासून प्रत्येक वसतिगृहवासी विद्यार्थ्याची जमाखर्चाची वही असावी आणि बँक, विमा, व्याज, जामीन व फसव्या दामदुप्पट योजना यांवर दर महिन्यास एक तासिका असावी. तिसरी माजी विद्यार्थ्यांस : १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावयास सांगितले. त्या विसाव्या भागातून आपल्या शाळेचा एक भांडवल निधी उभा राहावा. तो मदतीसाठी नसावा. पहिले शेडनेट, पहिले दुकान, पहिले शिलाई यंत्र यांसाठी बिनव्याजी द्यावा आणि फेडून घ्यावा. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. फेड करणाऱ्याची ताठ राहते.

त्या विद्यार्थ्यास आम्ही जामिनाची सही दिली नाही. वही काढून त्याच्यासमोर व्याजाचे गणित मांडले. तो नाराज होऊन गेला आणि अद्याप त्याचा दूरध्वनी आलेला नाही. सही न दिल्याची खंत आम्हांस नाही. खंत ही आहे की, तो आठ वर्षे आमच्या वर्गात बसला आणि चक्रवाढ व्याज आम्ही त्यास केवळ गुणांपुरते शिकविले. हा लेख त्याच्या वाचनात आला, तर त्याने पुन्हा यावे. या वेळी वही घेऊन यावे. आम्ही त्याच्या शेजारी बसू.

जय भीम! नमो बुद्धाय!