ऊर भरून येतो तेव्हा

सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यामुळे इथल्या ज्येष्ठांना अंदमानच्या सेल्युलर जेलची ओढ असते. "डॉक्टर, जाऊ ना?" हृदयाचे रुग्ण विचारतात. जरूर जा. मात्र सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि तिथली हवा दमट आहे. घरचा जिना चढताना छाती जड होत असेल, तर आधी तपासून घ्या. औषधे, इन्शुलिन विमानात जवळच्या पिशवीत ठेवा.

त्या कोठडीसमोर ऊर भरून येतोच. पण छातीतले प्रत्येक दडपण म्हणजे भावना नव्हे. लगेच खाली बसा. पाच मिनिटांत दडपण गेले नाही, घाम फुटला किंवा कळ हाताकडे, जबड्याकडे गेली, तर सोबत्यांना सांगा आणि थेट रुग्णालय गाठा.