लोखंडच तर आहे!

"एवढे कसले हो मावशी? लोखंडच तर आहे!"

हे थोर वाक्य अस्मादिकांचं. दीडेक वर्षापूर्वी अंगणातल्या नारळाच्या झावळ्या तोडायला कोयता हवा होता. सावेडीतल्या आमच्या घरापासून जवळच, मनमाड रोडच्या कडेला, एक घिसाडी जोडपं ताडपत्री बांधून बसतं. तिथे गेलो. मावशींनी तीनशे सांगितले, मी दोनशेपासून सुरुवात केली आणि दोनशे तीसला कोयता घेऊन घरी आलो. आईला ऐटीत सांगितलं. "दोनशेला दिला असता," म्हणून तिनं नेहमीप्रमाणे हवा काढली, ते सोडा.

परवा एक हिशोब केला. मधल्या काळात मी स्वतः एक सुरी बनवली. तिला लागले पाच वीकेंड, अडतीस तास आणि साधारण दोन हजार सातशे रुपये. आणि एवढं करून ती सुरी कांदा कापत नाही, फोडते.

तर ही त्या सुरीची गोष्ट, आणि तिच्यामुळे झालेलं एक मत.

सुरुवात अर्थातच व्हिडिओपासून झाली. आमच्या धंद्यात आठवडाभर जे करतो ते शुक्रवारी संध्याकाळी कुणाला हातात धरून दाखवता येत नाही. पुण्यातून नगरला (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) वीकेंडला आलो की गच्चीवर पडून मोबाईल बघायचा, हा माझा छंद. त्यात एक दाढीवाला गोरा माणूस बारा मिनिटांत गंजक्या पट्टीची चकाचक सुरी करतो. म्हटलं, एवढंच ना? आपण तर इंजिनियर!

इथे एक कबुली. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीनं घासून एकमेकींत बसवायच्या, त्याला 'जॉब' म्हणतात. माझा जॉब मी एका सीनियरकडून दीडशे रुपयांना विकत घेतला होता. वर्गातल्या निम्म्या पब्लिकनं तेच केलं. म्हणजे डिग्री हातात आहे, कानस कधीच नव्हती.

घराजवळ ग्राइंडर चालवायचा नाही, असा बाबांचा हुकूम (शेजारच्या काकांची दुपारची झोप). त्यामुळे साहित्य अगदी साधं: हॅक्सॉ, दोन कानशी, जुनी व्हाईस, हातानं फिरवायचं ड्रिल आणि धारेचा दगड. लोखंडासाठी भंगारवाल्याकडून गाडीचा कमानपाटा आणला. साध्या लोखंडी पट्टीची सुरी होत नाही. त्यात कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास, कितीही तापवून विझवली तरी कडक होत नाही. पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे.

पण पाटा मुळातच कडक केलेला. पहिल्या दिवशी कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. मग कळलं की आधी लाल तापवून राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यायचा, म्हणजे मऊ पडतो. पडला. त्यानंतर पुठ्ठ्याचा आकार ठेवून हॅक्सॉनं कापायला दोन दिवस आणि चार पाती गेली. मग घासणं. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, मागे येताना उचलून घ्यायची, नाहीतर तिचेच दात बोथट होतात. हे समजायला एका कानशीचा बळी गेला. दोन्ही बाजूंचा उतार सारखा यावा म्हणून बारा तास घासलं. डावी बाजू जरा बरी, उजवी बाजू आमच्या पाइपलाइन रोडसारखी.

शेजारचे काका एकदा गच्चीवर डोकावले. "काय रे, कोयता गँग काढतोस काय?" पुण्यातल्या बातम्यांनी कोयत्याचं नाव इतकं खराब करून ठेवलंय की हातात पातं दिसलं की माणसं एक पाऊल मागे जातात. म्हणून नियम वाचून काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी हत्यारांच्या यादीत येते. घरकाम, शेती वगैरेसाठी बनवलेली त्यातून वगळली आहे. माझं पातं सहा इंचांचं आणि स्वयंपाकघरातलं. काकांचं समाधान झालं की नाही माहीत नाही, झोप मात्र शाबूत राहिली.

आता मुख्य काम, पाणी देणं. पोलाद लालबुंद तापवून एकदम विझवलं की कार्बन आतच अडकतो आणि पातं कडक होतं. किती तापवायचं? चुंबक चिकटेनासं झालं (साधारण ७७० अंशांना) की अजून थोडं पुढे. गच्चीवर शेगडी, लोणारी कोळसा, ताईचा हेअर ड्रायर, दोरीला बांधलेलं चुंबक... भर दुपारी, मे महिन्यात. चुंबक सुटलं, पण 'थोडं पुढे' म्हणजे किती ते रंगावरून ओळखायचं, आणि रंग काही केल्या कळेना. अंदाजानं बराच वेळ ठेवलं आणि बादलीत बुडवलं.

टिंग!

अगदी बारीक आवाज. धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर. चौदा-पंधरा तासांचं काम एका सेकंदात भंगार, आणि कंट्रोल-झेड नाही.

दुसरं पातं केलं. हे मात्र कोमट शेंगदाणा तेलात विझवलं. तेल पाण्यापेक्षा हळू थंड करतं, त्यामुळे चिरायची भीती कमी. कानस पुन्हा काचेवरून घसरल्यासारखी घसरली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कानस घसरल्याचा आनंद झाला. नुसतं कडक पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवलं. (त्यानंतर आईनं केलेल्या नानकटाईला काय वास आला, तो वेगळा विषय.) बाभळीची मूठ, पितळी पिना, अरल्डाइट. झाली सुरी!

आईनं कांदा घेतला. कर्र, फट्. "ही कापतेय का फोडतेय रे?" पाट्याची जाडी सहा मिलीमीटर, मी पाठीकडे घासायचा कंटाळा केलेला. पाचरच झाली ती. आई शांतपणे विळीवर बसली.

दिवाळीनंतर मनमाड रोडला पुन्हा ताडपत्री दिसली. उसाचा हंगाम सुरू होताना कोयत्यांना मागणी असते. नगर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० पासूनचा. फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. माणसं दोन, नाव अवजाराचं. आणि ते अवजार घडवणारीही जोडीच: नवरा सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं कुठे मारायचं ते दाखवतो, बायको घण घालते. त्या दिवशी म्हातारी सासू भात्याच्या पंख्याचं चाक फिरवत होती.

मी पिशवीतून माझी सुरी आणि ते चिरलेलं पातं काढलं. मामांनी चीर बघितली, मावशींकडे दिली. मावशी म्हणाल्या, "कुठं तापवलं?"

"गच्चीवर."

"उन्हात?"

"हो."

"आन् उन्हात रंग दिसंल का दादा?"

मी वर बघितलं. ताडपत्री. मला आजवर वाटायचं, ती बिचाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून आहे. असेलही. पण तिच्याखाली सावली आहे, आणि सावलीत तापल्या लोखंडाचा रंग दिसतो. अंधारा लाल, चेरीसारखा लाल, मग नारिंगी. उन्हात सगळे सारखेच. मी अंदाजानं जास्त तापवलं, वर पाणी, म्हणून चीर. चाळीस व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं.

उरलेला पाट्याचा तुकडा बरोबर होता. म्हटलं, याची सुरी करून द्याल? मामांनी तापवला, मावशींनी घण उचलला. माझ्या हॅक्सॉला जे दोन दिवस लागले ते छिन्नीवर चार घाव. जाडी घासून काढायची नाही, ठोकून पसरवायची, म्हणजे लोखंड वायाच जात नाही. पाणी देताना फक्त धार बुडवली. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकली आणि घासून चमकवलेल्या पात्यावर रंग पळताना दिसले. धारेपाशी वाळल्या गवताचा रंग आला, की पुन्हा पाण्यात. झालं! माझ्या ओटीजीचे चार तास त्यांनी मिनिटाभरात उरकले, तेही थर्मामीटरशिवाय. सगळं मिळून अर्धा तास.

आता मत.

हातानं काहीतरी बनवा, मन शांत होतं, स्ट्रेस जातो, असे फंडे हल्ली फार ऐकू येतात. माझा काही स्ट्रेस गेला नाही. उलट खांदा दुखला, अंगठा कापला आणि स्वतःबद्दलचं मत खाली आलं. हातकामाचा खरा उपयोग तोच आहे असं मला वाटतं. एखादी गोष्ट स्वतः वाईट बनवल्याशिवाय ती चांगली बनवणं म्हणजे काय ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. 'लोखंडच तर आहे' म्हणताना मी फक्त लोखंडाचे पैसे मोजत होतो. लोखंड खरंच स्वस्त आहे, भंगारात किलोवर मिळतं. बाकीचे पैसे रंग ओळखणाऱ्या डोळ्यांचे आणि चुकीच्या जागी न पडणाऱ्या घणाचे होते, आणि नेमके तेच मी कापले.

माझा एक मित्र म्हणतो, "अरे, मार्केट आहे. ऑनलाइन यापेक्षा स्वस्तात स्टेनलेसची सुरी येते." येते, आणि चांगली असते. लिंबू कापून तशीच ठेवली तर माझी गंजते, ती गंजत नाही. हातानं केलेलं सगळं श्रेष्ठ, असं माझं म्हणणं नाहीच. पण मार्केटमध्ये भाव करायला दोन्ही बाजूंना मालाची माहिती हवी ना? मला शून्य होती. आणि दुसऱ्या बाजूला अशी माणसं, ज्यांना संध्याकाळी पीठ आणायचं असतं. त्या सत्तर रुपयांत माझं एक सँडविच आलं असतं. याला भाव करणं म्हणत नाहीत, समोरच्याची गरज वापरणं म्हणतात.

आणि 'स्किल्ड' म्हणजे नक्की कोण? फिटिंगचा जॉब विकत घेणाऱ्या माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. घिसाडी सरकारी यादीत भटक्या जमातींत आहेत. आज या रस्त्यावर, उद्या त्या बाजारात, त्यांच्या कामाला सर्टिफिकेट कोण देणार? याच नगरमध्ये १५४९ साली मुलुख-ए-मैदान तोफ ओतली गेली, ती आज विजापूरला आहे. दख्खनच्या पोलादाचं गुपित शोधायला फॅरेडेसारखा शास्त्रज्ञ १८१९ साली लंडनमध्ये डोकं लावत होता. या गोष्टी आपण फुशारकीनं फॉरवर्ड करतो. आणि त्याच कामातला जिवंत माणूस रस्त्याच्या कडेला भेटला की म्हणतो, एवढे कसले?

म्हणून तुम्हाला एकच सुचवणं. सुरीच करा असं नाही. मडकं करा, टोपली विणा, चप्पल शिवा. एकदाच, आणि वाईटच होईल. (सुरीच करणार असाल तर डोळ्यांना गॉगल हवा, पातं व्हाईसमध्ये आवळलेलं हवं, आणि जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड अजिबात तापवू नका, त्याचा धूर विषारी असतो.) त्यानंतर खुशाल भाव करा. जमतंय का बघा.

तर, मावशींनी सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "शंभर द्या."

खरं सांगतो, सवयीनं तोंडून 'एवढे' निघणारच होतं. गिळलं. म्हटलं, कोयता कितीला? "साडेतीनशे." तोही घेतला, एक जादाचा असू दे म्हणून. साडेचारशे दिले. वर काही दिलं नाही, उपकार करायला गेलो नव्हतो. मामांनी माझी सुरी परत करताना पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पाटा पातळ आण."

त्यांची सुरी आता आईच्या हाताखाली असते. माझी कुरियरची खोकी उघडायला. कोयता बघून आईनं विचारलंच, "केवढ्याला दिला?"

"सांगितला तेवढ्याला," म्हटलं.

आईनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे, आणि पुन्हा कांद्याकडे वळली.