एकाच डब्यात अख्खं ऑफिस: छोट्या धंद्याचा सर्व्हर घेताना चावी कोणाच्या हातात राहते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने आपला एक निर्णय मागे घेतला. एप्रिलमध्ये तिने जाहीर केलं होतं की २०२५ पासून येणाऱ्या 'प्लस' मालिकेतल्या नव्या नॅस पेट्यांमध्ये कंपनीच्या स्वतःच्या, किंवा तिने मान्यता दिलेल्याच हार्ड डिस्क चालतील. म्हणजे दुकानात सहज मिळणारी सीगेटची किंवा डब्ल्यूडीची डिस्क यादीत नसेल, तर तिच्यावर नवीन स्टोरेज पूलच तयार होणार नाही. सहा महिने जगभरातल्या ग्राहकांनी नावं ठेवली, आणि डीएसएम ७.३ या आवृत्तीबरोबर अट सैल झाली. साध्या हार्ड डिस्क आणि अडीच इंची सॅटा एसएसडी पुन्हा चालू लागल्या.

घरी फोटो साठवणाऱ्यांसाठी विषय इथे संपला. पण ज्यांच्याकडे दहा-पंधरा कॉम्प्युटर आहेत, टॅली आहे, ड्रॉइंगच्या फाइली आहेत, आणि हे सगळं एका कोपऱ्यातल्या पेटीवर चालतं, त्यांनी ही बातमी जरा सावकाश वाचायला हवी. कारण त्या सहा महिन्यांत ज्याची जुनी पेटी बंद पडली आणि ज्याला नवी घ्यावी लागली, त्याचं बजेट एका परदेशी कंपनीच्या धोरणाने ठरवलं. आणि ही पहिली वेळ नाही.

ऑल-इन-वन ही कल्पना मुळात छोट्या धंद्यासाठीच आली. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये 'बॅकऑफिस स्मॉल बिझनेस सर्व्हर' आणला. फाइली, ईमेल, युजर लॉगिन, सगळं एका सर्व्हरवर, एका लायसन्समध्ये, मोठ्या कंपनीपेक्षा कमी पैशात. पंधरा वर्षं जगभरातल्या लहान ऑफिसांनी त्यावर संसार केला. 'एसबीएस २०११' ही शेवटची आवृत्ती. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की ईमेल आता ऑफिस ३६५ वर न्या आणि दरमहा पैसे भरा. नावापुरती 'विंडोज सर्व्हर इसेन्शियल्स' आवृत्ती राहिली. २५ युजर, ५० डिव्हाइस, वेगळ्या कॅल लायसन्सची गरज नाही. पण २०१९ च्या आवृत्तीत तिचा सोपा डॅशबोर्डही काढून टाकला. आजकाल ती नव्या सर्व्हरसोबत हार्डवेअर कंपनीकडूनच मिळते. छोट्या ऑफिसला पंचवीसपेक्षा जास्त माणसं वाढण्याची शक्यता नसेल तर अजूनही हा पर्याय वाईट नाही, फक्त विक्रेते तो सुचवत नाहीत.

दुसरा धक्का व्हीएमवेअरचा. एकाच मशीनवर दोन-तीन आभासी सर्व्हर चालवायला अनेकांनी तिचं ईएसएक्सआय वापरलं, बऱ्याच ठिकाणी फुकटची आवृत्ती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद, फक्त सबस्क्रिप्शन. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची आवृत्ती बंद. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली, पण तोवर ज्यांना जायचं होतं ते गेले होते. बरेचसे प्रॉक्समॉक्सकडे, जे व्हिएन्नामधल्या कंपनीचं, ओपन सोर्स आहे.

ओपन सोर्स म्हटलं म्हणजे सुटलो, असंही नाही बरं का. नेथसर्व्हर ७ हा लहान ऑफिससाठी छान ऑल-इन-वन पर्याय होता. फायरवॉल, मेल, फाइल शेअरिंग सगळं त्यात. पण तो उभा होता सेंटओएस ७ वर, आणि सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. नवा नेथसर्व्हर ८ अगदी वेगळ्या पायावर, कंटेनरवर बांधलेला आहे. चांगला आहे, पण जुन्यावरून नव्यावर जाणं म्हणजे घर बदलणं. रंगरंगोटीवर भागत नाही.

पेटीचं आयुष्य पाच वर्षं, हिशेबाचं आठ

आता मुख्य गणित. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. पेटीची वॉरंटी साधारण तीन ते पाच वर्षांची असते. म्हणजे आज जो डेटा तुम्ही लिहाल, तो या पेटीच्या वॉरंटीपेक्षा जास्त जगायचा आहे, हे विकत घेतानाच गृहीत धरायला हवं.

म्हणून विक्रेत्याला "किती टीबी?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: ही पेटी जळाली तर यातल्या डिस्क काढून दुसऱ्या कशात वाचता येतील? सिनॉलॉजी आणि क्यूनॅपच्या पेट्या आतून लिनक्सच आहेत, पण बदली पेटी म्हणून बहुतेक वेळा त्याच कंपनीची शोधावी लागते. प्रॉक्समॉक्स किंवा ट्रूनॅसमध्ये झेडएफएस वापरलं असेल, तर डिस्क दुसऱ्या कुठल्याही साध्या मशीनला लावून तेच सॉफ्टवेअर टाकता येतं. हार्डवेअर रेड कार्ड असलेल्या सर्व्हरला मात्र बऱ्याचदा तसंच कार्ड लागतं. हा फरक ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात कधी दिसत नाही.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी दोन गोष्टी. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल लागतो, आणि तो बंद करता येता कामा नये. आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, रोजच्या रोज असायला हवा. पेटीसोबत येणारी कंपनीची क्लाउड बॅकअप सेवा डेटा नेमकी कोणत्या देशात ठेवते, हे आपल्या सीएच्या आधी आपल्याला माहीत असलेलं बरं. मुंबईचं रीजन निवडता येत असेल तर ते निवडा. मालकी हक्काचं दुकान असेल तर हे नियम लागू नाहीत, पण सवय वाईट नाही.

टॅली कुठे ठेवायची?

महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या ऑफिसांत सगळं अडतं ते इथेच. टॅली हा विंडोजचा प्रोग्रॅम. नॅस पेटीवर तो चालत नाही, फक्त त्याचा डेटा फोल्डर तिथे ठेवता येतो. तीन-चार जण गोल्ड लायसन्सवर काम करत असतील तर हे चालतं, वायफायऐवजी केबल असेल तर आणखी बरं. माणसं वाढली, किंवा दुसऱ्या गावातल्या गोडाऊनमधून कोणी जोडायचं असेल, की मग सर्व्हरवरच टॅली चालवून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरणं सोयीचं पडतं.

इथे एक शॉर्टकट सर्रास दिसतो. विंडोज ११ प्रोच्या साध्या पीसीवर एक 'पॅच' टाकून एकाच वेळी पाच-सहा जणांना रिमोट लॉगिन दिलं जातं. हे लायसन्सच्या विरुद्ध आहे. शिवाय विंडोजचा एखादा अपडेट आला की पॅच मोडतो, आणि म्हणून अपडेट बंद करून ठेवले जातात. म्हणजे ज्या मशीनवर सगळे हिशेब आहेत, त्याच मशीनला सुरक्षा अपडेट नाहीत. हे काम करायचंच असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याची आरडीएस कॅल लायसन्स हाच सरळ रस्ता आहे. महाग वाटतो, पण निदान खरा खर्च किती ते कळतं.

आणि आधीच विंडोज सर्व्हर २०१६ चालू असेल, तर त्याची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१६ बसवलेला असेल, ईआरपीवाल्यांकडे असतोच, तर त्याची तारीख आणखी आधीची आहे: १४ जुलै २०२६.

सगळं एका डब्यात, म्हणजे जातंही एकदम

जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्या शोधून फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. पुढच्याच महिन्यात असुस्टोरच्या पेट्यांची पाळी आली. त्याआधी जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या 'माय बुक लाइव्ह' पेट्या बाहेरून कोणीतरी फॅक्टरी रीसेट केल्या आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा एका रात्रीत पुसला गेला. त्या मॉडेलला कंपनीने २०१५ पासून अपडेटच दिले नव्हते. पेट्या मात्र मजेत चालू होत्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोन्हीकडे समान धागा एकच: पेटी थेट इंटरनेटला उघडी होती. घरून फाइल बघता यावी म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून ठेवणारे इन्स्टॉलर अजून आहेत. त्यांना नम्रपणे थांबवा आणि व्हीपीएन लावून मागा. कुठलीही बरी पेटी ते करते.

क्लाउडवर गेलं की हा प्रश्न सुटतो का? अर्धवट. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या बँकिंग सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने तिला काही काळ वेगळं पाडलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व्यवहार अडकले. बँकांचा स्वतःचा काही दोष नव्हता. दुसऱ्याचा डबा मोठा असतो, एवढंच.

शिवाय क्लाउडचं एक साधं गणित विक्रेते सांगत नाहीत. एक टीबी डेटा ५० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायला, लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तरी, सुमारे ४४ तास लागतात. जीएसटीआर-३बी भरायच्या २० तारखेला हे दोन दिवस कुठून आणणार? म्हणून एक प्रत क्लाउडवर आणि एक जवळच, पण पेटीशी कायम न जोडलेली. दोन यूएसबी डिस्क घ्या, आठवड्याआड बदला, एक मालकाच्या घरी. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. दोन डिस्कचं मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर फाइल कुलूपबंद झाली की दुसऱ्यावर त्याच क्षणी होते.

विजेचंही तेच. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत गुरुवारी सुट्टी आणि त्या दिवशी लाइनची कामं, हे सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हर इन्व्हर्टरवर टाकला की काम झालं असं वाटतं. पण बॅटरी संपत आली हे साधा इन्व्हर्टर पेटीला सांगत नाही. यूएसबी केबलने पेटीला जोडलेला यूपीएस ते सांगतो, आणि पेटी स्वतःहून नीट बंद होते.

मग घ्यायचं काय?

माझं मत सांगतो. दहाच्या आत माणसं, फाइली आणि टॅली एवढंच काम, आणि ऑफिसात लिनक्स कळणारं कोणी नाही, तर दोन किंवा चार डिस्कची नॅस पेटी घ्या. ईमेल तिच्यावर ठेवू नका, ते बाहेरच्या सेवेकडे द्या. छोट्या ऑफिसने स्वतःचा मेल सर्व्हर चालवण्याचे दिवस गेले, स्पॅमच्या यादीतून आपला पत्ता बाहेर काढण्यातच आठवडा जातो. ईआरपी आहे, रिमोट डेस्कटॉप हवं आहे, जुनं एखादं सॉफ्टवेअर सांभाळायचं आहे, तर एक साधा टॉवर सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स, आत विंडोज सर्व्हर, आणि बॅकअपसाठी वेगळं जुनं मशीन. पण हे फक्त तेव्हाच, जेव्हा तुमच्या गावात ते बघणारी किमान दोन माणसं असतील. एकच असेल तर तो एक माणूसच तुमचा ऑल-इन-वन सर्व्हर आहे, आणि त्याचाही बॅकअप नाही.

थांबून स्वस्त मिळेल या आशेवर राहू नका. एआयच्या डेटा सेंटरमुळे २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम नंतर वाढवू, हे गृहीत धरून कमी रॅमची पेटी घेणं सध्या महागात पडू शकतं.

आणि पैसे चुकते करण्याआधी इन्स्टॉलरकडून दोन गोष्टी लेखी घ्या. अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्या हातात, त्याच्या मोबाइलमध्ये नव्हे. आणि त्याच्या समोर बसून एक कंपनीचा टॅली डेटा बॅकअपमधून दुसऱ्या पीसीवर उघडून दाखवायला लावा. मागच्या वर्षीचं ताळेबंद उघडून बेरीज जुळली, की मग शेवटचा हप्ता द्या.